विषय: मुलगी बॅरिस्टर व्हायचं म्हणतेय

रेडिंगहून, रविवार रात्री

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हे हरवेल, म्हणून वेगळं लिहितेय. आमची धाकटी इतिहास शिकते, दुसरं वर्ष. परवा फोनवर म्हणाली, बॅरिस्टर होणार, आणि तेही नोकरीविषयक कायद्यात. आमच्या सात पिढ्यांत कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. बॅरिस्टर म्हटलं की मला नाथ पै आणि अंतुलेच आठवतात. इतिहासाच्या पदवीवर हे जमतं का? खर्च किती? आणि पुढे पोट भरतं का? हे म्हणतात सॉलिसिटर, म्हणजे फर्ममधला वकील हो, महिन्याला पगार तरी येईल. यादीत कोणी या पेशातलं असेल तर दोन ओळी लिहा.

हॅरोहून, सोमवार सकाळी

काकू, नमस्कार. मी एम्प्लॉयमेंट (नोकरीविषयक) आणि कमर्शियल (व्यापारी) अशी दोन्ही कामं करणारी ज्युनिअर बॅरिस्टर. क्रॉयडनच्या गाडीत बसून लिहितेय, चुका पोटात घाला.

इतिहास चालतो. माझीही पदवी कायद्याची नाही. एक वर्षाचा रूपांतराचा कोर्स, मग बार कोर्स म्हणजे बॅरिस्टरीचं प्रशिक्षण, मग बारा महिन्यांची उमेदवारी, तिला पुपिलेज म्हणतात. शिवाय लिंकन्स, ग्रेज, इनर टेंपल, मिडल टेंपल या चार इनपैकी, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांपैकी एकीचं सदस्य व्हावंच लागतं. तिथे दहा सत्रं पूर्ण करायची. पूर्वी नुसती जेवणं मोजायचे, आता व्याख्यानं आणि सरावही धरतात. आंबेडकरांना १९२२ साली ग्रेज इनने बॅरिस्टर केलं. मी इन निवडताना याहून वेगळं कारण शोधलंच नाही.

खर्चाचं सांगते. बार कोर्सची फी साधारण १३,००० ते २०,००० पौंड. विद्यार्थीकर्ज सहसा कोर्सला एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) जोडलेलं असेल तरच मिळतं. म्हणून इनच्या शिष्यवृत्तीवर डोळा ठेवा. तिचे बार कोर्ससाठीचे अर्ज आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतात आणि तोवर बऱ्याच मुलांना शिष्यवृत्ती असते हेच ठाऊक नसतं. मला वाचवलं ते तिनेच.

खरी गाळणी पुढे आहे. पुपिलेजच्या जागा वर्षाला पाच-सहाशेच्या आसपास, आणि अर्ज करणारे त्याच्या कितीतरी पट. बार कोर्स पास झाल्यापासून पाच वर्षांत जागा मिळवायची. मी तीन वर्षं नकार गोळा केले. त्या काळात आईला फोनवर "चाललंय" एवढंच सांगायचे.

पण माझं शिक्षण झालं ते त्याच तीन वर्षांत. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, बाजू मांडायला बॅरिस्टरच लागतो असं नाही, कोणीही उभं राहू शकतं. फ्री रेप्रेझेंटेशन युनिट नावाची जुनी संस्था विद्यार्थ्यांना तयार करून खरे खटले देते, अशिलाला फुकट. माझी पहिली केस एका सफाई कामगार बाईंच्या थकलेल्या पगाराची. मालकाच्या मॅनेजरची उलटतपासणी घ्यायची होती. रात्रभर चाळीस प्रश्न लिहिले, चौथ्यालाच त्याने कबूल केलं की हजेरीपत्रक नंतर भरलं होतं. उरलेले छत्तीस गिळून खाली बसायचं, हे मला कुठल्या वर्गात कळलं नसतं. पुढे मुलाखतीत त्याच केसवर अर्धा तास बोलले आणि पुपिलेज मिळालं.

पुपिलेजचे पहिले सहा महिने नुसतं मागे बसायचं, वरिष्ठांचे मसुदे आधी आपण लिहायचे आणि मग त्यांच्याशी ताडून पाहायचे. दुसऱ्या सहांत स्वतःच्या केसेस. शेवटी चेंबर्सचे, म्हणजे एकत्र कचेरी चालवणाऱ्या बॅरिस्टरांच्या गटाचे सदस्य मतदान करतात, ठेवायचं की नाही. मला ठेवलं नाही. कारण दोन ओळींत आलं. मग दुसरीकडे "थर्ड सिक्स" म्हणजे आणखी सहा महिने, आणि तिथे जागा मिळाली. हे अनेकांचं होतं, फक्त कोणी सांगत नाही.

नुसतं कमर्शियल करणारी माझ्या वर्षाची मुलं पैसे जास्त मिळवतात, पण मोठ्या खटल्यात तिसऱ्या रांगेत बसून कागद वाचतात. मला दुसऱ्या वर्षापासून स्वतःचे साक्षीदार मिळाले. आणि दोन्हींचा सांधा आहेच: कंपनी सोडून गेलेला माणूस ग्राहक पळवतो, मग शुक्रवारी संध्याकाळी हायकोर्टात मनाई हुकूम मागायला धावायचं. २०१९ च्या टिलमन खटल्यात सुप्रीम कोर्टाने नोकरी सोडल्यावर स्पर्धा करू नये अशा एका कलमातला एकच भाग खोडला आणि बाकीचं कलम वाचवलं. असल्या शब्दांच्या कुस्तीत मला मजा येते.

इतिहास वाया जात नाही, हेही लेकीला सांगा. भारतातून आणलेल्या एका आदिवासी घरकामगार बाईंच्या खटल्यात २०१४ साली अपील ट्रायब्युनलने मान्य केलं, की जातीवरून केलेला भेदभाव "वांशिक मूळ" या शब्दांत बसू शकतो. जात म्हणजे काय हे वकिलाला न्यायाधीशापुढे मांडावं लागतं. तिथे आपल्या मुलीच कामाच्या.

पोट? भरतं, उशिरा. आपण स्वतःचे मालक. चेंबर्सचं भाडं, कामं आणून देणाऱ्या क्लार्कचा वाटा, विमा सगळं आपल्यातून. जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे कधी कधी गणपतीपर्यंत येतात, कर मात्र वेळेवर भरायचा.

स्लावहून, सोमवार दुपारी

छान लिहिलंस. पण एक विचारतो, राग मानू नकोस. एवढी वर्षं झाली आणि अजून ज्युनिअर? पुण्यात माझ्या भाच्याने सनद मिळाल्यावर तीन वर्षांत स्वतःचं ऑफिस थाटलं.

हॅरोहून, सोमवार संध्याकाळी

काका, राग कसला, माझ्या सासऱ्यांचाही हाच प्रश्न. इथे किंग्ज काउन्सेल (ज्येष्ठ बॅरिस्टरांना मिळणारा मान) झाला नाही तो प्रत्येक जण ज्युनिअर, पन्नाशीतलाही. मी कोणाची मदतनीस नाही, माझ्या केसेस माझ्याच. बरेच जण निवृत्तही ज्युनिअर म्हणूनच होतात.

काकू, पुढच्या मंगळवारी क्रॉयडनला माझी सुनावणी आहे. ट्रायब्युनल सहसा सर्वांसाठी खुलं असतं, मागे बसता येतं. लेकीला पाठवा. विग-गाऊन दिसणार नाही, ट्रायब्युनलमध्ये ते घालत नाहीत. तिला म्हणावं वही आण, आणि जेवणाच्या सुट्टीत मला भेट.

रेडिंगहून, सोमवार रात्री

ती येतेय. मीही येते. हे विचारताहेत, आत डबा नेऊ देतात का.

हॅरोहून, सोमवार रात्री

डबा नेता येतो. सुरी तेवढी घरी ठेवा, दारात बॅगा तपासतात.