‘नस बधिर करणारी गोळी’: नस कोणती आणि बधिर कशी?

रामबागी: बाबांना अँजायनासाठी (हृदयाला ऑक्सिजन अपुरा पडून छातीत दुखतं ते) मेटोप्रोलॉल सुरू झाली. दुकानात कुणीतरी सांगितलं, ‘इससे दिल की नस सुन्न रहती है.’ आईनं त्याचं ‘नस बधिर करणारी गोळी’ केलं आणि सगळ्या इंदूरभर सांगितलं. ही नस म्हणजे शीर की मज्जातंतू?

जेलरोडकर: आपल्या इंदुरी मराठीत सुई टोचतात तीही नस आणि कंबरेत दबते तीही नसच! पहिली शीर, दुसरी चेता. हिंदीतून शिकलेले तिला तंत्रिका म्हणतील. मज्जातंतू जुना आणि रुळलेला, पण हाडातली मज्जा उगाच मध्ये येते. मी ‘संवेदी चेता’ घेईन, म्हणजे दुखणं मेंदूला कळवणारी.

खरी गफलत ‘बधिर’मध्ये आहे. दातवाल्याचं इंजेक्शन चेता बधिर करतं, ही गोळी नाही. हृदयाच्या पेशींवर ॲड्रेनलिन जिथे चिकटतं ते बीटा ग्राही ती अडवते. ठोके मंदावतात, आकुंचनाचा जोर उतरतो, हृदयाला ऑक्सिजन कमी लागतो. मग संवेदी चेतेकडे कळवण्याजोगं दुखणंच फारसं उरत नाही. चेता शाबूत असते.

औषधवाली: पुस्ती जोडते. याच जातीच्या प्रोप्रॅनोलॉलमध्ये बधिर करण्याचा गुण आहे, पण नेहमीच्या डोसच्या कितीतरी पुढे. तिसऱ्या भावात, ॲटेनोलॉलमध्ये तोही नाही, तरी अँजायना आटोक्यात येतो. जेम्स ब्लॅक (1988चे नोबेल मानकरी) यांनी हृदयाची ऑक्सिजनची मागणी कमी करायची म्हणूनच प्रोप्रॅनोलॉल शोधलं.

रामबागी: आणि रक्तदाबाची खबर मेंदूला देणारे गळ्यातले ते ‘दाबग्राही’? ते तरी बधिर होतात का?

जेलरोडकर: नाव दाबाचं, पण ओळखतात धमनीच्या भिंतीचा ताण. ‘ताणग्राही’ जास्त नेमकं झालं असतं, पण आता कोण बदलणार! गळ्यातल्या धमनीच्या फाट्यावरचे ग्राही नवव्या मस्तिष्क चेतेतून कळवतात, महाधमनीच्या कमानीतले दहाव्या. रक्तदाब उतरला की त्यांचे संदेश विरळ होतात आणि मेंदू ठोके वाढवायला सांगतो. गोळी घेतलेल्या माणसात संदेश वर जातोच. खाली येणारा हुकूम मात्र हृदयापाशी अर्धवट अडतो.

औषधवाली: म्हणूनच ‘बधिर’ नको. मधुमेह्याची साखर घसरली की धडधड आणि थरथर या गोळीनं झाकली जाते, घाम येतोच. शब्दाच्या नादानं घामाकडेही दुर्लक्ष व्हायचं. शिवाय बधिर करणारी म्हटलं की लोक तिला वेदनाशामक समजतात: दुखत नाही, मग आज नको. अँजायनाच्या रोग्यानं ती एकदम सोडली तर दुखणं उसळून येतं, हार्ट अटॅकसुद्धा येऊ शकतो. बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

रामबागी: मग आईला काय सांगू? ‘बीटा ग्राही रोधक’ म्हटलं तर ती मलाच रोधील.

जेलरोडकर: ‘ठोके आवरणारी’ सांगा.

औषधवाली: ठोके आवरणाऱ्या आणखीही गोळ्या आहेत हो. ‘हृदयाचं काम हलकं करणारी, रोजची’ म्हणा. त्यातलं ‘रोजची’ विसरू नका.