टॉयॉकला उतरायचं का? (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

शनिवार, ९ मे

सेक्रेटरी (ए-१०२): आज तीन टँकर मागवले आहेत. पहिला ११ वाजता येईल. गेटजवळच्या गाड्या काढून ठेवाव्यात. कालच्या टँकरला अर्धा तास बाहेर थांबावं लागलं.

नीता (ए-२०३): एक वेगळंच विचारते, विषयांतर माफ करा. आम्ही २५ तारखेला ओंकारकडे डेन्व्हरला चाललोय. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो आम्हाला मेसा व्हर्दे दाखवायला नेणार आहे, म्हणजे कोलोरॅडोतलं ते कड्यातल्या जुन्या घरांचं राष्ट्रीय पार्क. पार्कमधलं हॉटेल भरलंय, म्हणून त्याने जवळच्या एका कॅसिनो हॉटेलात दोन रात्रींचं बुकिंग केलं. हॉटेल तिथल्या आदिवासी लोकांचं आहे म्हणे. सासूबाई बरोबर आहेत. कॅसिनो हा शब्द ऐकल्यापासून त्या माझ्याशी नीट बोलत नाहीत. कोणी राहिलंय का अशा ठिकाणी?

मंदार (सी-३०१): वहिनी, आजींना सांगा मांडवीतल्या बोटींपेक्षा बरं. निदान बुडणार नाही.

मंदार (सी-३०१): म्हणजे बोट. पैशांचं मी काही बोललो नाही.

सुलभाकाकू (बी-१०१): नीता, गाव कोणतं? युट माउंटन युट जमातीचं टॉयॉक का? आम्ही गेल्या सप्टेंबरात तीन रात्री राहिलो होतो तिथे.

नीता (ए-२०३): टोवाओक लिहिलंय काकू.

सुलभाकाकू (बी-१०१): तेच ते. लिहितात तसं म्हणत नाहीत. काउंटरवरच्या मुलीने मला हसत हसत दोनदा म्हणायला लावलं, टॉयॉक. कुकर लावून येते आणि सविस्तर लिहिते.

जोशीकाका (बी-४०२): माझ्या माहितीप्रमाणे अमेरिकेतले रेड इंडियन कॅसिनोमुळे घरबसल्या करोडपती झालेत.

अनुजा (सी-५०२): काका, रेड इंडियन नका म्हणू, तिथे तो शब्द आता शिवीसारखा घेतात. जमातीचं नाव घ्यावं. हे युट, ज्यांच्यावरून युटा राज्याला नाव पडलं.

सुलभाकाकू (बी-१०१): आले. नीता, पहिलं म्हणजे लास वेगास डोळ्यांपुढून काढून टाक. कोर्टेझ गावातून दक्षिणेला निघालं की पंधरा-वीस मिनिटं नुसतं खुरटं रान, आणि मग हे एकटं हॉटेल. नव्वदेक खोल्या असतील. बाहेर मोटारघरांचा तळ, पेट्रोल पंप. आत शिरल्यावर मशीनचा टिंगटिंगाट आहे खरा, पण खेळणारे कोण? सत्तरीतल्या बायका, ट्रकवाले, टोप्या घातलेले शेतकरी. बिंगोच्या टेबलाशी तर आपल्या भिशीचीच आठवण आली. खोलीत आवाज अजिबात येत नाही. आणि आम्ही गेलो तेव्हा तरी दारूचा एक थेंब मिळत नव्हता.

मंदार (सी-३०१): कॅसिनो आणि दारू नाही? मग लोक हरतात कशाच्या जोरावर?

सुलभाकाकू (बी-१०१): शुद्धीत हरतात रे. तुझ्या काकांनी वीस डॉलर घातले. 'पेनी मशीन' म्हणून एका सेंटच्या आशेने बसले, तर एकेका दाबण्याला चाळीस-पन्नास सेंट जायला लागले. एका सेंटचा फक्त हिशोब, दाबायचे कमीत कमी चाळीस. नाणीबिणी काही पडत नाहीत, उरलेल्या पैशांची कागदी चिठ्ठी निघते. काकांच्या हातात तीन डॉलर साठ सेंटची चिठ्ठी आली, ती त्यांनी अजून जपून ठेवली आहे. वटवलीच नाही.

जोशीकाका (बी-४०२): अशा चिठ्ठ्यांना मुदत असते.

जोशीकाका (बी-४०२): आणि नीता, समजा मशीनवर मोठा जॅकपॉट लागलाच, तर तुमच्यासारख्या परदेशी पाहुण्यांचे ३० टक्के तिथेच कापून घेतात. भारत-अमेरिका कर करारात त्याला सूट नाही. ब्लॅकजॅक आणि रूलेटच्या जिंकलेल्या पैशाला मात्र हा कर लागत नाही. इकडे आल्यावर इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं, इथेही ३० टक्केच. तिथे भरलेल्याची वजावट मिळते, कागद जपून आणा.

नीता (ए-२०३): काका, आम्ही झोपायला जातोय तिथे.

मंदार (सी-३०१): जोशीकाकांनी जॅकपॉट लागायच्या आधीच रिटर्न भरलं.

ॲड. वर्षा (ए-५०१): करोडपतीचा मुद्दा राहिला. ही दुकानं कुणा एका मालकाची नसतात, जमातीच्या सरकारची असतात. तिथल्या कायद्यात जमात म्हणजे केंद्राच्या अधीन, पण स्वतःचं सरकार असलेलं राष्ट्र, त्यामुळे राज्य सरकारला तिच्या जमिनीवर आपले नियम सहसा चालवता येत नाहीत. कॅलिफोर्नियात कॅबझोन नावाची पंचवीसेक माणसांची जमात होती. त्यांनी बिंगो आणि पत्त्यांचा क्लब काढला, पोलिसांनी छापे घातले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९८७ मध्ये जमात जिंकली. म्हणून काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, लगेच १९८८ मध्ये कायदा केला: मशीनसारखे मोठे खेळ हवे असतील तर जमातीने राज्याशी करार करायचा. आणि नफा कशावर खर्च करायचा ते कायद्यातच लिहिलंय. जमातीचा कारभार, लोकांचं कल्याण, आर्थिक विकास, दानधर्म, शेजारच्या स्थानिक संस्थांना मदत. बस. सभासदांना थेट पैसे वाटायचे तर त्याची योजना आधी केंद्राकडून मंजूर करून घ्यावी लागते.

ॲड. वर्षा (ए-५०१): आपल्याकडची गंमत सांगू? महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो एक दिवसही लागू झाला नाही. ४७ वर्षं कपाटात राहिला आणि २०२३ मध्ये रद्द केला.

मंदार (सी-३०१): आपल्या लिफ्टच्या ठरावासारखा.

सेक्रेटरी (ए-१०२): लिफ्टचा विषय मासिक सभेत. पहिला टँकर आला आहे. पांढरी स्विफ्ट कोणाची आहे?

सुलभाकाकू (बी-१०१): टँकरवरून आठवलं, म्हणून हे लिहितेच. तिसऱ्या दिवशी आम्ही जमातीचा स्वतःचा पार्क पाहायला गेलो. मेसा व्हर्देला लागूनच आहे. युट वाटाड्या बरोबर असल्याशिवाय आत सोडत नाहीत. आमचा वाटाड्या साठीचा, कमी बोलणारा. मी आपली भूगोलाची मास्तरीण, विचारलं की एवढ्या कोरड्या मुलखात पिण्याचं पाणी कुठलं. तो म्हणाला, लहानपणी आमचं पाणी ट्रकने यायचं. कोर्टेझहून. घरासमोर पिंप ठेवायचं. अमेरिकेत! मला आधी खरंच वाटेना. मग मुलीने शोधून वाचून दाखवलं. पाण्यावरच्या हक्कांचा कायदा झाला तोही १९८८ मध्येच, वर्षाने सांगितलेला तो कॅसिनोचा कायदा झाला त्याच साली. डोलोरेस नदीवरच्या धरणाचं पाणी आलं, मग नळ आले. आणि १९९२ मध्ये हा कॅसिनो उघडला, कोलोरॅडोतला जमातीचा पहिला. म्हणजे नळ आणि जुगाराची मशीनं गावात थोड्याच वर्षांच्या अंतराने पोचली.

नीता (ए-२०३): काकू, हे सासूबाईंना वाचून दाखवते.

अनुजा (सी-५०२): आणि ते कोरड्या मुलखात गेले ते हौसेने नाही. सान हुआनचे डोंगर त्यांचेच होते. तिथे सोनं-चांदी सापडली आणि १८७३ च्या करारात ते डोंगर हातचे गेले. पुढे मेसा व्हर्देचं तसंच. १९०६ मध्ये पार्क जाहीर केलं, मग लक्षात आलं की कड्यातली उत्तम घरं युट लोकांच्या हद्दीत राहिली आहेत. मग जमिनीची अदलाबदल करून घेतली. ती घरं युट लोकांनी बांधलेली नाहीत बरं का, प्युब्लो लोकांच्या पूर्वजांची आहेत, तेराव्या शतकातली.

मंदार (सी-३०१): म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या वेळची.

सुलभाकाकू (बी-१०१): शाबास. शाळेत एवढं लक्ष दिलं असतंस तर.

जोशीकाका (बी-४०२): पण मुळात जुगारावर गाव चालवणं योग्य आहे का? गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने बांबू विकून करून दाखवलंच ना.

अनुजा (सी-५०२): काका, मेंढ्याकडे जंगल होतं, आणि २००९ मध्ये त्यावर सामूहिक हक्क मिळाला. तो मिळवायलाही किती वर्षं गेली! यांच्या वाट्याला वाळवंटाची कड आली. शेतीही करतात ते, चांगली सात हजार एकरांच्या वर. मका पिकवतात, त्याचं पीठ स्वतःच्या नावाने विकतात. २०२१ च्या दुष्काळात धरणातून त्यांना नेहमीच्या वाट्याच्या फक्त १० टक्के पाणी मिळालं. शेतावरचे कामगार कमी करावे लागले. अशा वेळी गावात दुसरा रोजगार कोणता, तर हे हॉटेल. मला जुगार आवडत नाही. पण पुण्यात बसून त्यांना बांबू लावायला सांगणं मला जमणार नाही.

जोशीकाका (बी-४०२): मी बांबू लावा म्हटलं नव्हतं.

ॲड. वर्षा (ए-५०१): आणि काका, कॅसिनोने सगळेच श्रीमंत झाले असंही नाही. मोठ्या शहराच्या कुशीत ज्यांची जमीन आहे त्यांचं उखळ पांढरं झालं. डेन्व्हरहून टॉयॉक सात तास. एवढ्या लांब जुगार खेळायला कोण येणार?

जोशीकाका (बी-४०२): तो मुद्दा मान्य. ठिकाण महत्त्वाचं.

*(हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे)*

मंदार (सी-३०१): जोशीकाकांनी मान्य केलं, स्क्रीनशॉट घेतला.

नीता (ए-२०३): काकू, खाण्याचं काय? सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत.

सुलभाकाकू (बी-१०१): हॉटेलातच उपाहारगृह आहे. फ्राय ब्रेड मिळेल, म्हणजे जवळजवळ आपला भटुरा, जरा जाड. त्यावर घेवडा, चीज, सॅलड घालून देतात. घेवडा त्या भागात उत्तम पिकतो. पण विचारून घे, बीन्समध्ये आणि तळणात डुकराची चरबी असू शकते. 'लार्ड आहे का' असंच स्पष्ट विचारायचं. या ब्रेडची कथाही कडू आहे, सरकारने जमिनी घेतल्यावर जमातींना शिधा म्हणून मैदा आणि चरबी दिली, त्यातून हा पदार्थ झाला. सासूबाईंना चरबीचं सांग, कथेचं नंतर. खाकरे, मेतकूट, दशम्या ने. खोलीत पाणी गरम करायची सोय होती.

सुलभाकाकू (बी-१०१): कळसूबाईच्या टोकापेक्षाही ते गाव थोडं उंच आहे आणि हवा ठणठणीत कोरडी. पहिल्या दिवशी माझं डोकं धरलं. पाणी पीत राहायचं, ओठांना तूप. जूनमध्येही रात्री शाल लागते.

सुलभाकाकू (बी-१०१): आणि खोली पश्चिमेकडची माग. समोर तो डोंगर दिसतो. निजलेला युट. हातांची घडी छातीवर, डोक्यावर पिसांचा टोप, पाय लांब दक्षिणेला. त्यांच्या कथेत तो जखमी होऊन निजलेला मोठा योद्धा आहे, डोंगरावर ढग आले की त्याने पांघरूण घेतलं म्हणतात. सकाळी सातच्या सुमारास मी खिडकीत उभी होते, ऊन आधी त्याच्या कपाळावर आलं. कॅसिनोतून रात्रपाळीच्या बायका घरी निघाल्या होत्या, त्यातल्या एकीने गाडीत बसायच्या आधी क्षणभर तिकडे पाहिलं. मला उगाच आपल्या मावशी तुळशीला हात लावून बाहेर पडतात ते आठवलं. ती कशासाठी पाहत होती कोण जाणे.

नीता (ए-२०३): सासूबाई विचारतायत, डोकं उत्तरेला?

सुलभाकाकू (बी-१०१): हो.

नीता (ए-२०३): म्हणतायत, मग उठायला उशीर लागणारच. उत्तरेला डोकं करून निजू नये.

अनुजा (सी-५०२): आजी जिंकल्या.

अनुजा (सी-५०२): नीताताई, जूनच्या सुरुवातीला टॉयॉकला अस्वलाचं नृत्य असतं, बेअर डान्स. तारखा हॉटेलात विचारा. खाचा पाडलेल्या काठीवर दुसरी काठी घासून अस्वलाच्या गुरगुरण्यासारखा ताल धरतात. नाचायला कोणाला बोलवायचं ते बायका ठरवतात, पुरुषांनी नुसतं बसून राहायचं. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

मंदार (सी-३०१): आपल्या गणपतीत हाच नियम आणा. सी विंगचे पुरुष बसूनच असतात, बोलवत कोणी नाही.

सेक्रेटरी (ए-१०२): दुसरा टँकर २ वाजता. स्विफ्टवाल्यांचे आभार. सुलभाताई, त्यांच्या गावाला नळ यायला एकूण किती वर्षं लागली?

सुलभाकाकू (बी-१०१): वाटाड्या म्हणाला, त्याच्या आजोबांनी नळ पाहिला नाही.

सेक्रेटरी (ए-१०२): महापालिकेकडे आपल्या अर्जाला या जूनमध्ये सहा वर्षं होतील.

नीता (ए-२०३): काकू, शेवटचं. कड्यातली ती घरं सासूबाईंना जमतील का?

सुलभाकाकू (बी-१०१): आत जायला नाही जमणार. बाल्कनी हाउसला ३२ फुटांची लाकडी शिडी आहे आणि पुढे रांगत जायचं भुयार. क्लिफ पॅलेसलाही शिड्या आणि ओबडधोबड पायऱ्या आहेत. त्यातल्या त्यात सोपं होतं ते स्प्रूस ट्री हाउस, पण दगड कोसळतात म्हणून २०१५ पासून बंद आहे. सासूबाईंना वरच्या कठड्यावरून दाखव, सगळं दिसतं. क्लिफ पॅलेस म्हणजे दीडेकशे खोल्यांचं गाव कड्याच्या ओठाखाली बसवलंय. पार्कच्या फाटकापासून तिथपर्यंत वळणांचा पाऊण तास आहे, आल्याच्या वड्या जवळ ठेव. तुम्हा तिघांची आत जायची तिकिटं मात्र आत्ता लक्षात ठेव. बरोबर चौदा दिवस आधी तिथल्या सकाळी ८ ला खुली होतात आणि लगेच संपतात. ओंकारला सांग.

नीता (ए-२०३): त्याची त्या वेळी रोज मीटिंग असते. आम्ही ५ जूनला जाणार, म्हणजे २२ मे, आम्ही इथेच असू. मीच करते. आपले किती वाजलेले असतील?

सुलभाकाकू (बी-१०१): संध्याकाळचे साडेसात.

नीता (ए-२०३): साडेसातला तर पाणी येतं. ह्यांना लॅपटॉपवर बसवते, मी बादल्या भरते.