न केलेल्या गुन्ह्याची माफी?

रानवारा:
२५ मार्च १९३१. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात पेंट रॉक गावी मालगाडी अडवून नऊ कृष्णवर्णीय पोरांना धरलं. सगळ्यात धाकटा बारा-तेरा वर्षांचा. त्याच गाडीत दोन गोऱ्या तरुणी सापडल्या, त्यांनी बलात्काराचा आरोप केला. पंधरा दिवसांत स्कॉट्सबरोच्या कोर्टात आठ जणांना देहदंड! १९३३ मध्ये त्या दोघींपैकी रूबी बेट्सनं साक्षीत सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. तरी ज्युरीनं नऊ जणांतल्या हेवूड पॅटरसनला दोषीच धरलं. आणि २०१३ मध्ये, सगळे मरून गेल्यावर, अलाबामानं ज्यांच्यावरचा दोषीचा शिक्का तोवर तसाच होता त्या तिघांना काय दिलं, तर माफी. गुन्हाच केला नाही त्याला माफी कसली? माफी अलाबामानं मागायला हवी होती.

सदाफुली:
तुमचा संताप कळतो, पण पटलं नाही. त्या नऊ जणांतल्या क्लॅरेन्स नॉरिसला विचारा. १९४६ मध्ये पॅरोल मोडून तो अलाबामातून निघून गेला आणि पुढे भावाच्या नावानं जगला. परत पाऊल टाकलं तर अटक ठरलेली. १९७६ मध्ये माफीसाठी तो स्वतः झगडला आणि ती मिळवली. त्याच्यासाठी त्या कागदाचा अर्थ एवढाच, की आता स्वतःच्या नावानं उजळ माथ्यानं फिरता येईल. आपण इथे बसून त्याला अपमान म्हणणारे कोण?

अक्षरवेडा:
शब्दावर भांडताना ज्युरी विसरू नका. १९३५ मध्ये आरोपींचे वकील लायबोविट्झ यांनी ज्युरीच्या यादीची वहीच सुप्रीम कोर्टात नेली. कृष्णवर्णीयांना ज्युरीतून वगळलं हे लपवायला त्यांची नावं त्यात मागाहून घुसडली होती. न्यायाधीशांनी भिंग लावून ती शाई पाहिली आणि शिक्षा रद्द केली. मग अलाबामानं काय केलं? आरोप ठेवणाऱ्या ग्रँड ज्युरीत एक कृष्णवर्णीय बसवला आणि पुन्हा तेच आरोप ठेवले. पॅटरसनला ७५ वर्षं झाली. म्हणजे चूक दाखवून दिल्यावरही हे थांबले नाहीत. असं राज्य पुढे माफी देतं तेव्हा त्यात पश्चात्ताप मला तरी दिसत नाही.

सदाफुली:
पश्चात्ताप आहे असं मी म्हटलंच नाही. मेलेल्यांना माफी देता यावी म्हणून २०१३ मध्ये आधी नवा कायदा करावा लागला. कुणीतरी त्यासाठी खपलं, ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

रानवारा:
नॉरिसबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. तो जिवंत होता, त्याला गरज होती. पण मेलेल्यांसाठी दुसरी वाट आहे की! साउथ कॅरोलायनात १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय जॉर्ज स्टिनीला खुनाच्या आरोपावरून जून १९४४ मध्ये विजेच्या खुर्चीत बसवलं. ज्युरीला दहा मिनिटं पुरली होती. २०१४ मध्ये कोर्टानं माफी दिली नाही, दोषी ठरवणारा निकालच रद्द केला. त्या सुनावणीत त्याची म्हातारी बहीण साक्षीला उभी राहिली: खून झाला त्या दिवशी तो माझ्याबरोबर होता. १९४४ मध्ये त्याच्या वकिलानं तिला बोलावलंच नव्हतं.