मदत हवी आहे: चिपमधली हायड्रोजेलची झडप वरून गळते आणि फार सावकाश मिटते

नमस्कार. मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये (केसाएवढ्या बारीक वाहिन्यांतून द्रव खेळवणाऱ्या चिपमध्ये) हवेच्या नळ्या न जोडता नुसत्या तापमानावर उघडमीट करणारी झडप बनवतेय. जेल पीनिपॅमचं, म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलमाइडचं. साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या वर ते पाणी टाकून आक्रसतं, गार झालं की पुन्हा फुगतं. एवढ्यावर झडप चालावी ही कल्पना मला इतकी आवडते की दुसरा मार्ग धरायचं मनात येत नाही.

तळाला काच, वर पीडीएमएसचं (पारदर्शक सिलिकोन रबराचं) छत, मध्ये ४०० मायक्रॉन रुंद नि १०० मायक्रॉन खोल वाहिनी. मोनोमर (ज्यांच्या साखळ्या बनतात ते सुटे रेणू), बिसअ‍ॅक्रिलमाइड (साखळ्या एकमेकींना जोडणारा क्रॉसलिंकर) आणि फोटोइनिशिएटरचं (यूव्ही पडला की अभिक्रिया सुरू करणाऱ्या रसायनाचं) द्रावण भरून मास्कमधून यूव्ही दिला की ३०० मायक्रॉन व्यासाचा खांब जागच्या जागी तयार होतो. काचेला आधी मेथाक्रिलेटवाला सिलेन (काच आणि जेल जोडणारा लेप) लावते, त्यामुळे खांब तळाला पक्का धरतो.

झडप उघडते बऱ्यापैकी. पण गार केल्यावर मिटायला कित्येक मिनिटं लागतात, आणि मिटल्यावरही छताला लागून रंगीत पाण्याची बारीक रेघ निसटते. तळाशी कधीच नाही. दाब वाढवला की रेघ रुंदावते. क्रॉसलिंकर कमी केला तर जेल जास्त फुगतं, पण लिबलिबीत होऊन प्रवाहात वाकतं. हे दोन्ही कसं जमवता? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
फक्त वरूनच गळतंय, म्हणजे संशय ऑक्सिजनवर. पीडीएमएसमधून तो सहज आत येतो, जेल घडवणारी मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स) संपवतो आणि छतालगतचा काही मायक्रॉनचा थर जेल होतच नाही. वाहिनीत सूक्ष्मकण घडवणारे याच थराचा फायदा घेतात, कण छताला चिकटत नाहीत. तुम्हाला मात्र चिकटायलाच हवंय. छतही काचेचं करा, नाहीतर पीडीएमएसमध्ये आधी बेंझोफिनोन मुरवा, म्हणजे जेल तिथेही जोडलं जाईल. क्रॉसलिंकरला तोवर हात लावू नका.

वेळेचं म्हणाल तर तनाका आणि फिलमोर यांनी १९७९ मध्येच दाखवलंय की जेल फुगायला लागणारा वेळ आकाराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ३०० ऐवजी ५० मायक्रॉनचे खांब ओळीने लावले तर तो ३६ पटींनी उतरायला हवा. बीबी आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या झडपा पीएचवर (द्रवाच्या आम्लतेवर) चालणाऱ्या होत्या, पण वेग आला तो असाच, जेल लहान ठेवून.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. एक शंका: खांब बाजूच्या भिंतींना टेकतो का? ३०० चा ४०० व्हायला एक तृतीयांश वाढ लागते, आणि गार द्रावणात बनलेलं जेल मुळातच बरंचसं फुगलेलं असतं. लहान खांब लावलेत तरी मधल्या फटी अगदी अरुंद ठेवा. जेल पारदर्शक येतं की दुधाळ?

धागाकर्ती
टेकतो, पण जेमतेम. कडेला दुधाळ दिसतं.

प्रतिसाद २
मग यूव्ही देताना द्रावण ३२ च्या वर जात असावं. असं जेल सच्छिद्र होतं. आक्रसतं झटपट, पण दाबाला टिकत नाही. चिपखाली गार पाणी फिरवत एक खांब करा, आणि तो पारदर्शक आला तर आधी त्याचीच गळती मोजा.