मदत हवी आहे: घर बदलतोय, बटरफ्लाय मिल्कवीडचं जुनं झाड सोबत नेता येईल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅन्ससमध्ये, कॅन्सस सिटीच्या उपनगरात राहतो. ऑक्टोबरअखेर जवळच्याच नव्या घरात जातोय. सामान हलेल हो, पण माझा जीव अडकलाय पुढच्या अंगणातल्या बटरफ्लाय मिल्कवीडमध्ये.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. हे इथल्या प्रेअरीचं, म्हणजे गवताळ माळाचं, अस्सल देशी फूलझाड. जूनमध्ये फ्लिंट हिल्सकडे गेलात तर हिरव्या गवतात मधूनच भडक नारिंगी झुबके दिसतात, ते हेच. आपल्या रुईच्या कुळातलं, पण मोडलं तर पांढरा चीक येत नाही, रस पाण्यासारखा असतो. शेंग उकलली की रुईसारखीच म्हातारी उडते. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मिल्कवीडखेरीज दुसरं काही खात नाहीत, आणि ही फुलपाखरं याच महिन्यात, सप्टेंबरात, आमच्या डोक्यावरून मेक्सिकोच्या डोंगरांकडे निघालेली असतात.

आमचं झाड ड्राइव्हवेच्या दक्षिण कडेला आहे, जिथे जुलैत लॉन करपून पिवळं पडतं. लावलं त्या उन्हाळ्यात पाणी घातलं, नंतर सगळं पावसावर. खत कधीच नाही. वसंतात मात्र फार उशिरा उगवतं. कोनफ्लॉवर वगैरे सगळं हिरवंगार झालं तरी इथे माती कोरडी ठक्क, आणि मेच्या मध्याच्या सुमारास कधीतरी जांभळट जाडसर कोंब वर येतात. कुणी चुकून तिथे कुदळ घालू नये म्हणून मी काठी रोवून ठेवते. यंदा अळ्यांनी पानं पार फस्त केली, नुसते दांडे उरले, आणि त्याच दांड्यांना पुन्हा पालवी फुटली. असं झाड मागे सोडून जायचं माझ्याच्याने होत नाहीये.

नव्या घराची माती चिकण आणि बांधकामात दाबली गेलेली आहे. पाऊस पडला की पुढे पाणी साचतं. मागच्या बाजूला थोडा उतार आहे आणि ऊन दिवसभर.

माझे प्रश्न:
१. एवढं जुनं झाड खणून नेलं तर जगेल का? सोटमूळ फार खोल जातं असं वाचलंय.
२. नाही तर बियांपासून करायचं का? शेंगा आत्ता धरल्यात, अजून हिरव्या आहेत.
३. चिकण मातीत कंपोस्ट मिसळू का?

दुकानातलं ट्रॉपिकल मिल्कवीड, आपल्याकडचं हळदीकुंकू, कृपया सुचवू नका. ते इथल्या थंडीत मरतं, आणि मला इथलंच हवंय.

प्रतिसाद:

ताई, मोठ्या झाडाला हात लावू नका. मूळ गाजरासारखं जाड आणि काही फूट खोल असतं, खणताना तुटतंच, आणि एवढं जुनं झाड सहसा त्यातून सावरत नाही. शिवाय घर विकताना जमिनीतली झाडं घरासोबतच धरली जातात. काही न्यायचं असेल तर एजंटला आधी सांगून करारात लिहून घ्या.

शेंगांना आत्ताच पातळ जाळीची पिशवी बांधा. शेंग स्वतःहून चिरली आणि आतलं बी तपकिरी झालं की काढा. हिरवी तोडू नका, पांढरं बी उगवत नाही. या बियांना थंडी लागते. सर्वात सोपं म्हणजे नोव्हेंबरमध्ये नव्या उतारावर गवत काढून, बी मातीत जेमतेम झाकेल इतकंच पेरा, बाकीचं काम हिवाळा करतो. थोडं बी हाताशी ठेवा. ते ओल्या वाळूत घालून महिनाभर तरी फ्रीजमध्ये ठेवा आणि मग खोल कुंडीत लावा. उथळ ट्रेमध्ये मूळ वळतं. रोप लहान असतानाच कायमच्या जागी जाऊ द्या.

कंपोस्ट नको. सुपीक मातीत दांडे लुळे पडतात. उतारच निवडा, हिवाळ्यात मुळाशी पाणी साचलं तर ते कुजतं. या झाडाला दुष्काळापेक्षा ओल्या पायांची भीती जास्त.

फुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतील, तोवर रोपं किरकोळच दिसतील. तेवढा धीर धरा.

मूळ लेखिका:

मनापासून आभार! जाळीच्या पिशव्या आजच बांधते. नव्या मालकीणबाईंना झाड दाखवून काठीचं कारणही समजावून देईन, म्हणजे एप्रिलमध्ये मेलं समजून उपटायच्या नाहीत. एकच विचारायचं राहिलं: उतारावर पेरलेलं बी हिवाळी पावसात वाहून जाऊ नये म्हणून वर काय पसरता तुम्ही?