‘डझन्स’, ‘स्कोअर्स’, ‘टेन्स ऑफ थाउजंड्स’: मराठीत नेमकं काय लिहायचं?

भाषांतर_डेस्क: इंग्रजी बातम्या मराठीत आणताना मोघम संख्यांपाशी अडायला होतं. ‘डझन्स’ जखमी, ‘स्कोअर्स’ बेपत्ता, मोर्चात ‘टेन्स ऑफ थाउजंड्स’. सगळीकडे ‘अनेक’ लिहिलं की बातमी सपाट होते, ‘शेकडो’ लिहिलं की चुकीची. मिलियन-बिलियनमध्येही घाईत एखादं शून्य हमखास इकडचं तिकडे होतं. काही पक्का आडाखा आहे का?

कोडीभर: आधी खालची मर्यादा धरा. डझन्स म्हणजे निदान दोन डझन, पण शंभराच्या आत. ‘डझनभर जखमी’ लिहिलंत तर वाचक बाराच समजणार, म्हणून ते टाळा.

स्कोअर म्हणजे वीस. शब्दाचं मूळ ‘खाच’. मोजताना दर विसाला काठीवर एक खाच पाडत. आपली कोडीही विसाचीच. लिंकनच्या 1863 च्या गेटिसबर्ग भाषणातलं ‘फोर स्कोअर अँड सेव्हन’ म्हणजे चार विसा सात, 1776 पासूनची 87 वर्षं. बातमीतला ‘स्कोअर्स’ मात्र इतका काटेकोर नसतो. आकडा मोठा आहे, शंभरी गाठल्याची खात्री नाही, एवढंच तो सांगतो. तिथे ‘शेकडो’ अजिबात नको. ‘कित्येक जण बेपत्ता’ पुरे. बातमीच्या पोटात 63 सापडले तर सरळ ‘साठहून अधिक’ करा.

‘टेन्स ऑफ थाउजंड्स’ला मराठीत एका शब्दाचा जोड नाही. ‘दहा हजार’ ही उघड चूक, ‘लाखो’ ही अतिशयोक्ती. ‘हजारोंच्या संख्येने’ यात भर थोडा कमी होतो, पण खोटं काही राहत नाही. ‘हंड्रेड्स ऑफ थाउजंड्स’ मात्र नि:शंक ‘लाखो’. शंभर हजारांना आपल्याकडे लाख हा शब्द असताना ‘शेकडो हजार’ का लिहितात, कळत नाही.

शून्यमोजणी: रूपांतराला चार ओळी डेस्कवर चिकटवून ठेवा:

1 मिलियन = 10 लाख
10 मिलियन = 1 कोटी
1 बिलियन = 100 कोटी, म्हणजेच 1 अब्ज
1 ट्रिलियन = 1 लाख कोटी

सर्वांत जास्त घात होतो दशांशचिन्हात. 1.05 बिलियन म्हणजे 105 कोटी. घाईत ते 1.5 वाचलं जातं आणि 150 कोटी छापून येतं. चिन्ह बोटाने दोन घरं उजवीकडे सरकवा, मगच कोटी लिहा. नुसतं ‘मिलियन्स’ आलं तर एक कोटीच्या आत ‘लाखो’, पुढे ‘कोट्यवधी’. कोणतं ते संदर्भावरून ठरवा.

जुना ब्रिटिश मजकूर असेल तर जास्त सावध राहा. ब्रिटिश सरकारने बिलियनचा ‘हजार मिलियन’ हा अर्थ 1974 साली स्वीकारला. त्याआधी तिथे बिलियन म्हणजे मिलियन मिलियन, आपले लाख कोटी. हजारपटीचा फरक आहे हा.

अर्धविराम: छोट्या शब्दांत याहून मोठे खड्डे आहेत. ‘फ्यू केम’ म्हणजे फारसं कोणी आलं नाही. ‘अ फ्यू केम’ म्हणजे काही जण आले. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बरेच जण! तिथे ‘अगदी थोडे’ लिहिलं की अर्थ पार उलटतो. ‘नो फ्युअर दॅन 50’ला ‘तब्बल 50’ चांगलं बसतं, निदान पन्नास हा अर्थही त्यात येतो. ‘अप टू 50’ म्हणजे ‘जास्तीत जास्त 50’. ‘सुमारे 50’ नव्हे.

भाषांतर_डेस्क: ‘क्वाइट अ फ्यू’ खरंच माहीत नव्हतं, आभार. ‘अम्प्टीन’ आणि ‘झिलियन’चं काय? पुरवणीतल्या लेखांत सारखे येतात.

कोडीभर: हे आकडे नाहीतच, वैताग किंवा उत्साह आहे. त्यांना ‘असंख्य’ लावलं की वाक्य मरतं. मराठीत यासाठी खास ठरलेल्या संख्या आहेत, त्या वापरा. ‘अम्प्टीन टाइम्स’ सांगितलं तर ‘शंभरदा सांगितलं’. ‘अम्प्टीन’ सबबी असतील तर ‘सतराशे साठ सबबी’. तसली माणसं खूप पाहिली असतील तर ‘असले छप्पन पाहिलेत’. ‘झिलियन’ कामांना ‘खंडीभर कामं’ किंवा ‘ढीगभर कामं’. ‘अब्जावधी कामं’ असं कोणी बोलत नाही. फक्त ‘सतराशे साठ’मध्ये तक्रारीचा सूर असतो, तेव्हा ‘अम्प्टीन’ पुरस्कार मिळाले तर तिथे ते चालणार नाही. ‘कितीतरी पुरस्कार’ लिहा.