मदत हवी आहे: शेजारीण वरचढ आहे हे पेशीला कळतं कसं?

एम.एस्सी. प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. गुरुवारी सेमिनार आहे, विषय ‘उंदराच्या भ्रूणातली सेल कॉम्पिटिशन’, म्हणजे वरचढ पेशींनी कमजोर शेजारणींना हटवणं. अर्धी रात्र वाचूनही एका ठिकाणी गाडी अडलीये.

सुरुवात समजली. १९७५ साली मोराता आणि रिपोल यांनी फळमाशीत दाखवलं की ‘मिनिट’ उत्परिवर्तन असलेल्या पेशी आपल्यासारख्यांतच असल्या तर जगतात (माशी फक्त सावकाश वाढते), पण साध्या पेशींच्या शेजारी आल्या की नाहीशा होतात. २०१३ मध्ये माद्रिदच्या तोर्रेस आणि लंडनच्या रॉड्रिगेझ यांच्या गटांनी हेच उंदराच्या एपिब्लास्टमध्ये (ज्या थरातून पुढे भ्रूणाचं शरीर बनतं) दाखवलं. ज्यांच्यात मिक (Myc, पेशीच्या वाढीला चालना देणारं प्रथिन) शेजारणींपेक्षा कमी, त्या मरतात. पुढे २०१८ मध्ये आकडा आला: गॅस्ट्रुलेशनच्या (भ्रूणाचे मूळ थर तयार होण्याच्या) आधी एपिब्लास्टमधल्या सुमारे ३५ टक्के पेशी अशा काढून टाकल्या जातात. पस्तीस! मी दोनदा वाचलं.

मॅडम म्हणतात, “कमजोर पेशी मरतात, त्यात स्पर्धा कसली?” मला उत्तर देता आलं नाही. शिवाय ‘कमी’ हे पेशी मोजते कशाने?

प्रतिसाद १
मॅडमना तोर्रेस गटाचाच उलटा प्रयोग दाखव. काही पेशींत मिक मुद्दाम वाढवलं, तर शेजारच्या अगदी धडधाकट, नेहमीच्या पेशी मेल्या. त्यांच्यात दोष काय होता? काहीच नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात ना, तेच उलटं: शहाण्या गाईही इथे लंगड्या ठरल्या. आणि भ्रूणाची वाढ बिघडली नाही.

मोजमापाचं म्हणशील तर मरणारीच्या आत काय होतं ते सांग: पी५३ (ताण आल्यावर जागं होणारं प्रथिन) वाढतं, ते एमटॉर (पेशीला वाढवणारं प्रथिन) दाबतं, मग अपोप्टोसिस, म्हणजे पेशीचा ठरवून मृत्यू. बाहेरून नेमका कुठला निरोप येतो यावर स्लाइड करू नकोस, फसशील. ‘फळमाशीत हरणाऱ्या पेशीची खूण दाखवणारं फ्लॉवर प्रथिन आहे म्हणून उंदरातही तेच’ असं तर अजिबात लिहू नकोस.

एक राहिलं. डिशमधल्या मूळपेशी नाइव्ह (अगदी सुरुवातीच्या, काहीही बनू शकणाऱ्या) अवस्थेत असताना गुण्यागोविंदाने नांदतात, विभेदन (ठरावीक प्रकारची पेशी बनणं) सुरू झालं की मारामारी. वेळेचा मुद्दा घे, परीक्षक तिथेच विचारतात.

धागाकर्ती
उलटा प्रयोग पहिल्याच स्लाइडवर टाकते. फ्लॉवरची स्लाइड तयार होती, आत्ताच उडवली :)